सही तेवढी मुलाची

(मंडळाच्या वर्धापनदिनी भगिनींसमोर केलेले भाषण)



वर्धापनदिनाला दरवर्षी बाहेरून कुणी विदुषी येतात, आपण सतरंजीवर बसून ऐकतो आणि पानसुपारी घेऊन घरी जातो. यंदा चिटणीसबाईंनी ठरवले की, आपल्यातल्याच एकीने बोलायचे. आणि ते माझ्या गळ्यात आले. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. व्याख्यान मी आजवर ऐकलेले आहे, दिलेले नाही. बोलताना अडखळले तर आपल्या घरचीच समजून सांभाळून घ्या.

विषय मला कागदावर लिहून मिळाला. 'विद्यार्थ्यांना विचारपूर्वक व जबाबदारीने निर्णय घेण्यास कसे शिकवावे?' तो वाचून मी चिटणीसबाईंना म्हटले, "अहो, या विषयात मी नापास झालेली आहे!" त्या म्हणाल्या, "मग तुम्हीच बोला. पास झालेल्यांना वाटते की, सगळे आपोआपच येते." त्यांचे म्हणणे मला पटले. पेपर कुठे चुकला, हे नापास झालेल्याला चांगले आठवते. तेवढेच सांगण्यासाठी मी आज उभी आहे.

माझा मोठा मुलगा २०१८ साली दहावी झाला. गुण बरे पडले. निकालाच्या दिवशी घरी पेढे आले आणि पेढ्यांबरोबर सल्लेही आले. माझे भाऊ म्हणाले, "सायन्स. दुसरा विचारच नको." शेजारच्या काकू म्हणाल्या, "आमच्या भाच्याने सायन्स घेतले, आज पुण्यात आहे." अकरावीचा अर्ज यजमानांनी आणला. तो मी माझ्या अक्षरात भरला. विषय मामांनी सांगितले, शिकवणीचा वर्ग शेजाऱ्यांनी सुचवला. शेवटी अर्ज मुलापुढे सरकवला आणि म्हटले, "इथे सही कर." त्याने केली. त्या सबंध अर्जात सही तेवढी मुलाची होती.

शिकवणीच्या फीसाठी मी माझ्या पाटल्या मोडल्या. त्याचे मला तेव्हा दुःख नव्हते. उलट अभिमान होता. आल्यागेल्याला मी तो सांगतही असे, आणि मुलगा ते ऐकत असे. आईच्या पाटल्या ज्या मुलाच्या खांद्यावर ठेवल्या आहेत, तो आईला 'मला हे जमत नाही' असे कोणत्या तोंडाने सांगेल? हा विचार तेव्हा माझ्या मनाला शिवला नाही.

तो बारावीत असताना, २०१९ च्या ऑगस्टमध्ये, आपल्या सांगलीत पूर आला. त्याचे वर्णन तुम्हांला करायला नको. कुणाची धान्याची कोठी गेली, कुणाची शिवणयंत्रे गेली, कुणाचे दुकान गेले. आमच्या घरात पाणी माळ्यापर्यंत होते. मुलाची पुस्तके गेली, वह्या गेल्या. पुढे बारावीचा निकाल लागला आणि तो दोन विषयांत नापास झाला. सगळे म्हणाले, "पुराने घात केला हो पोराचा!" मीही तेच म्हटले. कित्येक महिने म्हणत राहिले.

खरी गोष्ट पुढे कळली. पूर येण्याच्या कितीतरी आधीपासून त्याला वर्गात काही समजत नव्हते. पूर ओसरल्यावर तो सायकल घेऊन शिकवणीला म्हणून निघे, आणि घाटावर नाहीतर कुठल्या तरी मित्राच्या दुकानी बसून दोन तासांनी परत येई. हे दिवाळीपासून परीक्षेपर्यंत चालले. ज्या दिवशी त्याने हे सांगितले त्या दिवशी मी त्याला खूप बोलले. फसवलेस, पैसे बुडवलेस, सारे म्हणून झाले. त्याने मान वर केली नाही. एवढेच म्हणाला, "आई, मला कुणी विचारलंच नव्हतं. आणि विचारलं असतं, तरी काय सांगायचं ते मला कळलं नसतं."

मैत्रिणींनो, या दोन वाक्यांतले पहिले मला त्या रात्री झोंबले. दुसरे मात्र अजून झोंबते. न विचारण्याची चूक एका दिवसाची होती. पण सोळा वर्षांच्या मुलाला विचारले असते, तरी त्याला उत्तर आले नसते, ही चूक सोळा वर्षांची होती. त्या सोळा वर्षांत त्याने स्वतःच्या मनाने काय ठरवले होते? शर्टाचा रंग मी ठरवीत असे. वाढदिवसाला कोणाला बोलवायचे ते मी. मामाने दिलेल्या पैशांचे काय करायचे तेही मीच. आणि एके दिवशी एकदम त्याच्यापुढे आयुष्याचा अर्ज! पोहायला न शिकवता मुलाला कृष्णेत लोटायचे आणि वर म्हणायचे की, याला पोहता कसे येत नाही?

माझे स्वतःचे काय झाले, तेही या ओघात सांगते. माझ्या माहेरी शाळा सातवीपर्यंतच होती. पुढची शाळा दोन कोसांवर. वडील आणि चुलते ओट्यावर बसून बोलत होते आणि मी चहा घेऊन गेले होते. मी कप खाली ठेवीपर्यंत माझे शिक्षण संपलेले होते. वडिलांना मी दोष देत नाही. त्यांना वाटेची काळजी होती आणि ती खोटी नव्हती. पण त्या वेळी मी जशी गप्प उभी होते, तसाच माझा मुलगा सही करताना गप्प होता. मी मनाशी म्हणत असे की, माझ्या वेळी जे झाले ते मुलांच्या वेळी होऊ देणार नाही. शाळा बंद होऊ दिली नाही, एवढे खरे. पण न विचारण्याची रीत मात्र जशीच्या तशी सासरी आणली.

आता शिकवायचे कसे, त्याकडे वळते.

पहिला धडा मला त्या पुरानेच दिला. आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी मोजतात. ४० फुटांवर इशारा आणि ४५ फुटांवर धोका, हे आपल्याकडे शाळेतल्या पोरांनाही पाठ असते. २००५ च्या पुरात पाणी ५३ फुटांच्या पुढे गेले होते. त्या वेळी ते आमच्या वाड्याच्या कितव्या पायरीशी थांबले, ते सासूबाई बोटाने दाखवीत. २०१९ साली आम्ही मोठी माणसे काय म्हणालो? "त्या पायरीच्या वर येणार नाही. आजवर आलेले नाही." पाणी ४० फूट झाले तेव्हा म्हणालो, बघू. ४५ झाले तेव्हा म्हणालो, सकाळी बघू. माझी धाकटी मुलगी तेव्हा दहा वर्षांची होती. ती म्हणाली, "आई, किती पाणी आलं की निघायचं, ते आत्ताच ठरवून ठेवू या ना!" तिला मी गप्प केले. "मोठी माणसं आहेत ना ठरवायला?" त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेले. आम्ही अंधारात, कमरेएवढ्या पाण्यातून, म्हाताऱ्या सासूबाईंना होडीत बसवून बाहेर पडलो.

२०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला. तेव्हा आम्ही आधीच ठरवले होते की, पुलापाशी ४० फूट झाले की निघायचे. मग शेजारी हसोत की नावे ठेवोत. आणि निघालो. पाणी पुढे ५० फुटांच्या वर गेले, पण आमचे धान्य, कागदपत्रे आणि माणसे कोरडी होती.

यातून मी इतके शिकले की, थांबायची आणि निघायची रेघ पाणी पायाला लागण्याआधी आखावी. पाणी पायाला लागले की डोके चालत नाही. आणि दुसरे असे की, मागच्या वेळी असे झाले म्हणून या वेळीही तसेच होईल, हा हिशेब खरा नव्हे. शेजारच्या काकूंचा भाचा सायन्स घेऊन पुण्यास गेला, हीदेखील २००५ च्या पुराची पायरीच नव्हे का?

दुसरा धडा आपल्या मंडळातच मिळाला. उन्हाळ्याच्या सुटीत आपण गल्लीतल्या मुलांचा वर्ग घेतो, हे तुम्ही जाणताच. एका वर्षी सहावी ते नववीतली नऊ मुले होती. अध्यक्षीणबाईंच्या परवानगीने मी मुलांना मंडळाच्या पेटीतले सहाशे रुपये दिले. बक्षीस म्हणून नव्हे, कर्जाऊ. सांगितले की, यातून काय करायचे ते तुम्ही ठरवा. मात्र पैसे परत यायला हवेत. मुलांनी दोन दिवस वाद घातला आणि संकष्टीला गणपतीच्या देवळाच्या वाटेवर लिंबाचे सरबत विकायचे ठरवले. लिंबे, साखर, बर्फ आणि कागदी पेले यांना पाचशे साठ रुपये लागले. दहा रुपये पेला. एक्केचाळीस पेले विकले गेले आणि पाच वाजता वळवाचा पाऊस कोसळला! बर्फ वाहून गेला, गिऱ्हाईक पळाले. चारशे दहा रुपये हाती आले, दीडशेचा तोटा.

त्या संध्याकाळी मुले इथे, याच सतरंजीवर, भिजून बसली होती. एक मुलगा म्हणाला, "पावसानं बुडवलं. यात आमची काय चूक? मंडळानं पैसे सोडून द्यावेत." मला त्याच्या तोंडून माझेच शब्द ऐकू आले. 'पुराने घात केला!' मी पैसे सोडले नाहीत. काहीजणींना माझा राग आला होता. एक आजी तर पदराची गाठ सोडून दीडशे रुपये काढायला निघाल्या होत्या. मी त्यांचा हात धरला. म्हटले, "आजी, आज तुम्ही भरलेत तर मुले सरबत शिकतील, हिशेब शिकणार नाहीत."

मग आम्ही वहीत मधोमध रेघ मारली. एका बाजूला, आपल्याला आधी कळू शकले असते ते. दुसऱ्या बाजूला, कळणे शक्य नव्हते ते. पाऊस नेमका पाच वाजता येईल हे दुसऱ्या बाजूला गेले. पण दोन दिवस संध्याकाळी ढग येत होते, हे पहिल्या बाजूला. सगळा बर्फ एकदम घ्यायला नको होता, हे पहिल्या बाजूला. अर्धी लिंबे न कापता ठेवता आली असती, हेही पहिल्या बाजूला. मुलांनी स्वतःच लिहिले. पहिली बाजू लांब झाली आणि दुसरी एवढीशी राहिली. रागवावे लागले नाही, शिकवावेही लागले नाही.

पुढच्या रविवारी त्यांनीच पुन्हा हातगाडी मांडली. या वेळी खर्च दोनशे चाळीस. चाळीस पेले विकून चारशे रुपये आले. दीडशेचे देणे फिटले आणि उरलेल्या दहा रुपयांच्या लिमलेटच्या गोळ्या सगळ्यांनी वाटून खाल्ल्या. हिशेबाची वही माझ्या धाकट्या मुलीकडे होती. तिने शेवटी एक ओळ लिहिली होती, 'देणे नाही.' ती ओळ लिहिताना ती केवढी मोठी झाली होती, ते मी पाहिले.

म्हणून माझे सांगणे एवढेच आहे की, निर्णय घेणे ही पोळी लाटण्यासारखी हाताची विद्या आहे. ती ऐकून येत नाही. पहिल्या पोळीचा नकाशा होतो. आपण मुलीच्या हातून लाटणे काढून घेतले, तर पोळी गोल होईल, पण मुलगी जन्मभर पाहतच राहील. लहान वयात लहान चुका करू द्याव्यात, म्हणजे मोठेपणी त्या कमी होतात. दीडशे रुपयांचा तोटा सोसलेल्या मुलाला दीड लाखाचे कर्ज म्हणजे काय ते समजते. शिक्षणासाठी बँका कर्ज देतात, ही चांगलीच सोय आहे. पण शिक्षण संपल्यावर काही महिन्यांनी हप्ते सुरू होतात आणि मधल्या काळाचे व्याजही धरले जाते, हे कर्जाच्या कागदावर सही करणाऱ्या किती मुलांना माहीत असते? तिथेही 'इथे सही कर' असेच असते.

आता कुणी म्हणेल, "हे ठीक आहे बाई, पण सगळेच मुलांवर सोपवले तर मुले हाताबाहेर जातील." बरोबर आहे. सगळे सोपवायचे नसतेच. काही गोष्टी मुलांनी ठरवण्याच्या नाहीत आणि आपणही ठरवण्याच्या नाहीत. त्या कायद्याने ठरवलेल्या आहेत. नववीतला मुलगा मोटारसायकल मागतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. त्याप्रमाणे अज्ञान मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर आईबापांना किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. तिथे मुलाशी वाद नको. 'नाही' म्हणजे नाही. पण 'नाही' का, ते मात्र त्याला समोर बसवून सांगावे. तसेच अठरा वर्षांच्या आत मुलीचे आणि एकवीस वर्षांच्या आत मुलाचे लग्न करायचे नाही. २००६ चा कायदा तसे सांगतो, आणि स्थळ कितीही चांगले चालून आले तरी तो बदलत नाही. कुंपण आपण घालावे. कुंपणाच्या आत कुठे खेळायचे, ते मुलांनी ठरवावे.

जबाबदारी या शब्दाबद्दलही थोडे बोलते. आपण मुलांना 'जबाबदारीने वाग' असे म्हणतो, तेव्हा बहुधा 'मी सांगते तसे वाग' असाच आपला अर्थ असतो. जबाबदारी म्हणजे काय, ते मला डॉक्टर रखमाबाईंची हकीकत वाचून कळले. १८६४ साली मुंबईत त्यांचा जन्म झाला. अकराव्या वर्षी लग्न झाले, पण त्या आईकडेच राहिल्या. तिथे घरच्या घरी वाचून शिकल्या. मोठ्या झाल्यावर त्यांनी नवऱ्याकडे नांदायला जाण्यास नकार दिला. १८८४ साली नवऱ्याने कोर्टात दावा लावला. आधी निकाल रखमाबाईंच्या बाजूने लागला, पण पुढे १८८७ साली कोर्टाने सांगितले की, नांदायला जा, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत तुरुंगात जा. बाई म्हणाल्या, तुरुंगात जाईन. १८८८ साली पैसे देऊन तडजोड झाली. मग त्या विलायतेस गेल्या, डॉक्टर होऊन आल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी वर्षानुवर्षे बायकांची सेवा केली. १९५५ साली त्या वारल्या. त्यांचा निर्णय कुणाला त्या काळी पटला असेल, कुणाला नसेल. पण त्याची किंमत त्यांनी दुसऱ्या कुणाच्या नावावर टाकली नाही. 'याची किंमत ही आहे आणि ती मी देईन,' असे ज्याला म्हणता येते, त्याने जबाबदारीने निर्णय घेतला असे मी समजते.

आता माझ्या धाकट्या मुलीचे सांगते आणि आवरते घेते.

२०२५ साली ती दहावी झाली. चौऱ्याऐंशी टक्के पडले. पेढे आले, सल्ले आले; मामा तेच, काकू त्याच, आणि 'सायन्स'ही तेच! त्या वर्षापासून अकरावीचे प्रवेश सबंध राज्यात ऑनलाइन झाले. कॉलेजांचा पसंतीक्रम भरून द्यायचा असतो. मी दुकानात गेले तेव्हा पाहिले, अर्ज दुकानातला मुलगा भरत होता आणि ज्यांचे आयुष्य त्यात भरले जात होते ती मुले बाहेर बाकावर कुल्फी खात होती. मला माझे २०१८ साल आठवले. मी तशीच परत आले आणि मुलीला म्हटले, "अर्ज तू भरायचास. पण आधी वहीत चार प्रश्नांची उत्तरे लिहायचीस, आणि ती आम्हांला वाचून दाखवायचीस."

ते चार प्रश्न तुम्हांलाही सांगते. एक, हे मला का हवे आहे? 'मैत्रीण घेते म्हणून' हे उत्तर चालणार नाही. दोन, जो ते काम रोज करतो अशा माणसाला मी भेटले का? तीन, हे फसले तर काय जाईल, आणि ते कोणाचे जाईल? चार, चुकते आहे हे मला कशावरून कळेल, आणि कळल्यावर मी काय करीन? हा चौथा प्रश्न म्हणजे आमची ४० फुटांची रेघ.

तिने आठ दिवस घेतले. मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर हिशेब लिहिणाऱ्या एक बाई आहेत, त्यांच्याकडे दोन दुपारी जाऊन बसली. एका कॉलेजात जाऊन विषय विचारून आली. आपल्या दादाशी बोलली. दादाने २०२१ साली आय.टी.आय.मध्ये फिटरचा दोन वर्षांचा कोर्स धरला आणि आता तो कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आहे. तो तिला म्हणाला, "मला मशीन आवडतं हे मला एकोणिसाव्या वर्षी कळलं. तू सोळाव्यात कळवून घे." आणि मग तिने वही वाचून दाखवली. तिला कॉमर्स हवे होते, गणितासह.

खरे सांगते, माझ्या पोटात गोळा आला. चौऱ्याऐंशी टक्के आणि कॉमर्स? लोक काय म्हणतील? जीभ अगदी ओठांवर आली होती. यजमानांनी माझ्याकडे पाहिले आणि मी उठून स्वयंपाकघरात गेले. भांडी घासलेली होती, ती पुन्हा घासली! बाहेर आले तेव्हा ती अर्ज भरीत होती, स्वतःच्या हाताने. चौथ्या प्रश्नाखाली तिने लिहिले होते, 'पहिल्या परीक्षेत गणितात पन्नासच्या खाली गेले, तर त्याच दिवशी घरी सांगेन आणि पुन्हा विचार करू.'

तुम्हांला वाटेल की, आता मी सांगणार, मुलगी पहिली आली. तसे झाले नाही. पहिल्या परीक्षेत तिला गणितात त्रेचाळीस पडले. पण ती कॉलेजातून आली, पायांतल्या चपला काढण्याआधी उंबऱ्यातूनच म्हणाली, "आई, रेघ ओलांडली गं. त्रेचाळीस." डोळे भरलेले होते, पण मान वर होती.

मैत्रिणींनो, त्या क्षणी मला माझा मोठा मुलगा आठवला. पाच महिने तो सायकल घेऊन घाटावर बसत होता, कारण घरी येऊन सांगायला त्याला दार नव्हते. हिला दार होते. रागावण्याऐवजी मी तिला आधी जेवायला वाढले. रात्री चौघे बसलो, वही काढली. तिने ठरवले की, विषय सोडायचा नाही. गल्लीतल्या निवृत्त मास्तरांकडे रोज पहाटे तासभर बसायचे, आणि वर्षअखेरीस पुन्हा पाहायचे. तिचे पुढे काय होईल ते मी सांगू शकत नाही. कदाचित गणित सुटेल, कदाचित सुटणार नाही. पण जे होईल ते तिला माहीत असेल आणि आम्हांलाही माहीत असेल. एवढ्यावर मी आज समाधानी आहे.

माझ्या मोडलेल्या पाटल्या काही परत आल्या नाहीत. मुलगा गेल्या वर्षी पगारातून बांगड्या घेऊन आला होता. मी म्हटले, "हे तू ठरवलंस की कुणी सांगितलं?" तो हसला. म्हणाला, "मी ठरवलं." त्या बांगड्या आज माझ्या हातात आहेत, वजनाने हलक्याच आहेत. पण या घेताना अर्जही त्याचा होता आणि सहीही त्याचीच.

मंडळापुढे माझी एक विनंती आहे. येत्या सुटीत मुलांच्या वर्गाला पुन्हा सहाशे रुपये द्यावेत, कर्जाऊच द्यावेत. आणि जूनमध्ये अर्ज भरण्याच्या दिवसांत इथला मोठा टेबल मुलांसाठी मोकळा ठेवावा. मुलांनी तिथे बसून आपला अर्ज आपण भरावा. आपण आयांनी शेजारी बसावे. चहा करावा, प्रश्न विचारावेत. पेन तेवढे हातात घेऊ नये.